दवाखाना गावापासून दूर का राहिला?



कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. पाटाच्या तोंडाशी ज्याचे शेत आहे त्याचा ऊस भिजतो आणि टेलला ज्याचे शेत आहे तो पाळीची वाट पाहत बसतो. टेलच्या शेतकऱ्याची जमीन हलकी असते असे नाही, की तो आळशी असतो असेही नाही. पाट खणताना त्याचे तोंड कोठे ठेवायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनीच त्याचा वाटाही ठरवून टाकला.

औषधोपचाराचे असेच आहे. तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाला अर्ध्या तासात डॉक्टर भेटतो. वाडीवरच्या माणसाला आधी गाडी शोधावी लागते, मग पैसे, मग सोबत येणारा कोणीतरी. सरकारच्या नमुना नोंदणीप्रमाणे २०२० साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी शहरांत १९ आणि खेड्यांत ३१ बालके वर्षाच्या आत दगावली. राज्याराज्यांतील फरक तर ह्याहून मोठा आहे. गोव्यात हा आकडा ५ होता, महाराष्ट्रात १६, कर्नाटकात १९, तेलंगणात २१, गुजरातेत २३ आणि मध्य प्रदेशात ४३.

ह्याला कोणी नशीब म्हणतात. कोणी म्हणतात, डॉक्टरच खेड्यात यायला तयार नसतात. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे, परंतु ते अर्धेच आहे. हे अंतर आपोआप पडलेले नाही. दोनशे वर्षांत माणसांनी घेतलेल्या निर्णयांनी ते पडले आहे. ते निर्णय कोणते होते, हे समजून घेतले तर आज कोठे बोट ठेवायचे ते कळते. म्हणून आज कीड आणि खत बाजूला ठेवून आपण हा इतिहास पाहू.

छावणीसाठी आलेले औषध

आपल्याकडे वैद्य, हकीम, सुईणी, हाडवैद्य पूर्वापार होते. पाश्चात्त्य वैद्यक आले ते मात्र फौजेबरोबर. गोव्यात १५१० नंतर पोर्तुगीजांनी राजइस्पितळ उघडले, ते मुख्यतः समुद्रप्रवासातून आजारी होऊन उतरणाऱ्या पोर्तुगीज शिपायांसाठी. इंग्रजांनी १७६४ साली बंगालमध्ये आपले वैद्यकीय खाते उभे केले, तेही पलटणीसाठी. पुढे त्याचीच इंडियन मेडिकल सर्व्हिस झाली. तिच्या डॉक्टरांचे पहिले काम सैनिकांना बरे ठेवणे हे होते. रयतेचे काम त्यानंतर येत असे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने आपल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी आयोग नेमला. त्याचा अहवाल १८६३ साली आला. हिंदुस्थानातील गोऱ्या सैनिकांपैकी दर हजारी ६९ जण दरवर्षी मरतात आणि त्यांतले बहुतेक लढाईत नव्हे तर रोगाने मरतात, असे त्यात दिसले. मग छावण्यांत शुद्ध पाणी, गटारे, हवेशीर बराकी आणि इस्पितळे आली. छावणी मूळ गावापासून अलग ठेवण्याची रीत पक्की झाली. बेळगावचा कॅम्प आणि जुनी पेठ ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही रचना अजूनही रस्त्यांच्या रुंदीवरून ओळखू येईल.

छावणीनंतर पाळी आली जिल्ह्याच्या ठिकाणाची. तेथे सिव्हिल सर्जन बसला, कारण कलेक्टर, कोर्ट आणि तुरुंग तेथे होते. खेड्यापर्यंत पोचला तो फक्त देवी काढणारा. संस्थानांतही फारसे वेगळे घडले नाही. हैदराबादची वैद्यकीय शाळा १८४६ सालची, इंदूरची १८७८ सालची. ग्वाल्हेरला १९४६ साली आणि बडोद्याला १९४९ साली वैद्यकीय महाविद्यालय झाले. राजधानीला इस्पितळ हे राज्याचे भूषण मानले जाई, पण राजधानीपासून वीस कोसांवरचे गाव त्या भूषणात धरलेले नव्हते. इंदूर आणि ग्वाल्हेर येथे इतकी जुनी विद्यालये असूनही मध्य प्रदेशाचा बालमृत्यूचा आकडा ४३ का, ह्याचे अर्धे उत्तर येथे मिळते. शहरातले मोठे इस्पितळ म्हणजे पाटाचे तोंड. ते कितीही रुंद केले तरी त्याने टेल भिजत नाही.

गोव्याची गोष्ट आणखी बोलकी आहे. पणजीला १८४२ साली वैद्यकीय शाळा निघाली. तेथे शिकलेल्या कितीतरी गोमंतकीय डॉक्टरांना पोर्तुगालने आपल्या आफ्रिकेतील वसाहतींत, दुय्यम दर्जावर, नोकरीला पाठवले. आपल्या माणसाने शिकायचे आणि कोठे राबायचे हे दुसऱ्याने ठरवायचे, असा तो व्यवहार होता.

प्लेगने दाखवलेला चेहरा

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या दोनतीन वर्षांत पुणे, बेळगाव, हुबळी, धारवाड असा पसरत गेला. रोग खरा होता आणि उपायही आवश्यक होते. १८९७ च्या जानेवारीत हाफकिन ह्यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. परंतु त्याच वर्षी फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा झाला आणि सरकारी अंमलदारांना घरात शिरण्याचे, माणसे हलवण्याचे, सामान जाळण्याचे अधिकार मिळाले. पुण्यात सोजिरांनी घरे तपासली. एरवी ज्या वस्तीत डॉक्टरचे पाऊल पडत नसे, तेथे ते पडले तेव्हा शिपायाच्या बुटासह पडले. सरकारी दवाखान्याची भीती आपल्या आजीपणजीच्या मनात बसली ती उगाच नव्हे. ‘इस्पितळात गेलेला परत येत नाही’ ही समजूत अशा दिवसांत घट्ट झाली, आणि ती नाहीशी व्हायला पुढे दोन पिढ्या लागल्या.

ह्याच साथीत सावित्रीबाई फुले ह्यांनी आपले डॉक्टर झालेले पुत्र यशवंत ह्यांच्यासह पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा केली आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच रोगाने त्या गेल्या. सक्तीचे वैद्यक आणि सेवेचे वैद्यक ह्यांतला फरक लोकांना त्या वेळी डोळ्यांनी दिसला.

जातीचे कुंपण

सारा दोष परक्या सरकारवर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. एक कुंपण आपण स्वतः घातलेले होते.

मुंबईत पहिली देवीची लस १८०२ साली टोचली गेली. त्या काळी लस बाटलीत येत नसे. टोचलेल्या मुलाच्या फोडातला स्राव घेऊन दुसऱ्या मुलाला टोचत, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर. मग प्रश्न आला की स्राव कोणाच्या मुलाचा? वरच्या जातीची माणसे खालच्या मानलेल्या जातीच्या मुलाचा स्राव घ्यायला तयार होत ना. पुढे वासराच्या अंगावर लस तयार होऊ लागली, तेव्हा कोठे ही अडचण सरली. देवीचा रोग मात्र जात विचारून येत नव्हता.

ह्याहून कठीण एक नोंद आहे. १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त काठियावाडातील एका अस्पृश्य शाळामास्तराचे पत्र छापले गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनीही आपल्या आठवणींत त्याचा उल्लेख केला आहे. त्या मास्तराची पत्नी बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या प्रतिष्ठितांनी शब्द टाकल्यावर तो आला, पण रोग्याला वस्तीबाहेर आणायचे ह्या अटीवर. त्याने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याच्या हाती दिले आणि नवऱ्याने पत्नीला लावले. त्याच क्रमाने ते परत गेले. डॉक्टरने तिला हात न लावताच न्यूमोनिया सांगितला. पुढे त्याने येण्याचे नाकारले आणि ती बाई मरण पावली.

येथे अंतर मैलांत मोजण्यासारखे नव्हते. डॉक्टर गावातच होता, फी दिलेली होती आणि औषधही होते. तरी ती बाई टेललाच राहिली. आजही रस्ता, नळ आणि आरोग्यसेविकेची फेरी ह्या गोष्टी गावाच्या कोणत्या टोकापर्यंत आधी पोचतात, हे आपल्या गावात एकदा चालून पाहावे.

आपल्या ख्रिस्ती बांधवांपैकी अनेकांच्या दाराशी ह्या कुंपणाची आणखी एक काटेरी तार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना त्यात घेतले, ख्रिस्ती झालेल्या दलितांना नाही. जात मात्र धर्मांतराबरोबर पुसली गेली नाही. गरिबांच्या एखाद्या योजनेत अनुसूचित जात हा निकष असेल, तर ही कुटुंबे त्या दारातून आत जाऊ शकत नाहीत. त्यांना दुसरे दार शोधावे लागते. ते कसे, हे शेवटी सांगितले आहे.

बाईच्या दुखण्याला वाली कोण?

बाईने परपुरुषाला नाडी दाखवायची नाही, अशी त्या काळची रीत होती. बाळंतपण सुईणीच्या हाती, आणि अडले तर देवाच्या हाती. आनंदीबाई जोशी ह्यांचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या होत्या. त्या दुःखातून त्या अमेरिकेला जाऊन १८८६ साली डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती, परंतु १८८७ च्या फेब्रुवारीत क्षयाने त्या गेल्या. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन ह्यांनी स्त्रियांच्या इस्पितळांसाठी निधी उभारला. त्यातून चांगली इस्पितळे झाली, पण तीही बहुतांशी शहरांतच.

आपल्या चर्चच्या घरातही एक जुने दार बंद होते, हे येथे सांगितले पाहिजे. जुन्या धर्मनियमांप्रमाणे धर्मभगिनींना डॉक्टरी करण्याची, विशेषतः बाळंतपणे करण्याची, मोकळीक नव्हती. ज्या बायांना स्त्री डॉक्टरच हवी होती, त्यांच्यापाशी जाऊ शकणाऱ्या सिस्टरांचेच हात बांधलेले होते. रावळपिंडीला स्त्रियांचे इस्पितळ काढणाऱ्या स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन ह्यांनी १९१३ साली मरेपर्यंत ह्यासाठी रोमला विनवण्या केल्या. ऑस्ट्रेलियाच्या डॉ. मेरी ग्लाउरी ह्या १९२० साली आंध्रातील गुंटूरला आल्या. त्यांना धर्मभगिनी होऊनही डॉक्टरी करण्यासाठी पोपची खास परवानगी घ्यावी लागली. अखेर १९३६ साली रोमने ही अट सर्वांसाठी सैल केली. १९४३ साली सिस्टर ग्लाउरी ह्यांच्याच पुढाकाराने कॅथॉलिक इस्पितळांची देशव्यापी संघटना उभी राहिली. एका निर्णयाने बंद असलेले दार दुसऱ्या निर्णयाने उघडले, हे ह्यावरून ध्यानात घ्यावे.

मिशन इस्पितळांनी पुष्कळ केले. मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस ह्यांनी १८९४ साली सुरू केलेल्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या इस्पितळाने ह्या सबंध मुलखातील कितीतरी पिढ्यांना उपचार दिले. पण मिशन जेथे गेले तेथेच दवाखाना झाला. ज्या खोऱ्यात मिशन गेले नाही तेथे तो झाला नाही. दानावर चालणारी सेवा मोलाची खरी, तरी तिने सबंध देशाचा नकाशा भरत नाही.

भोर समितीचे वचन

सबंध देशाचा नकाशा भरायचा कसा, हा विचार १९४३ साली सुरू झाला. सरकारने समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी सर जोसेफ भोर ह्यांना बसवले. भोर हे १८७८ साली नाशिकला जन्मलेले, मराठी मुलखातले ख्रिस्ती गृहस्थ. १९४६ साली आलेल्या त्यांच्या अहवालात त्या वेळची स्थिती अशी मांडली आहे. दर ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर, दर ४३,००० माणसांमागे एक परिचारिका, आणि दर हजार बालकांपैकी १६२ वर्षाच्या आत मृत. सरासरी आयुष्य २७ वर्षांचे.

समितीचे मुख्य म्हणणे आजही मनावर कोरून ठेवण्यासारखे आहे. पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, असे तिने सांगितले. सुरुवातीला दर ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, आणि पुढे दर १० ते २० हजारांमागे ७५ खाटांचे इस्पितळ, असा तिचा आराखडा होता. डॉक्टरने रोग झाल्यावरच औषध द्यावे असे नाही, तर पाणी, अन्न आणि घर ह्यांकडेही पाहावे, असे तिने बजावले.

त्यातले पुढे किती झाले? १९५२ साली समूह विकास योजनेबरोबर आरोग्य केंद्रे निघू लागली, पण गटामागे एक. गटाची वस्ती साधारण ६० ते ८० हजार, आणि केंद्रात खाटा सहा. तीस हजार वस्तीमागे एक केंद्र आणि डोंगराळ भागात वीस हजारांमागे एक, हे प्रमाण १९८० नंतरच्या काळात ठरले. मधल्या तीस वर्षांत पैसा गेला तो मुख्यतः शहरांतील वैद्यकीय महाविद्यालयांकडे आणि मोठ्या इस्पितळांकडे.

आणखी एक निर्णय आज विसरला गेला आहे. त्या काळी डॉक्टरांच्या दोन पायऱ्या होत्या. एक पदवीधर, आणि दुसरे कमी वर्षांचा अभ्यास करून परवाना मिळवणारे एल.एम.पी. डॉक्टर. देशातील सुमारे ४७ हजार डॉक्टरांपैकी जवळजवळ ३० हजार हे दुसऱ्या पायरीचे होते. लहान गावांना परवडणारा डॉक्टर बहुधा हाच असे. भोर समितीने बहुमताने ही पायरी बंद करावी असे सुचवले, काही सदस्यांनी विरोधी मत नोंदवले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे १९४६ साली महाविद्यालय झाले, तशीच इतर शाळांची गत झाली. हेतू चांगला होता. खेड्यातल्या माणसाला कमी दर्जाचा डॉक्टर का द्यावा, असा तो विचार होता. परंतु पूर्ण शिकलेला डॉक्टर खेड्यात राहील अशी व्यवस्था झाली नाही. त्याच्या मुलांची शाळा, राहायचे घर, सोबतीला नर्स आणि औषधांचा साठा ह्यांपैकी काही तेथे नव्हते. जुना गेला आणि नवा आला नाही. मधली जागा शिक्षण नसलेल्या सुईवाल्यांनी भरली.

त्याचा परिणाम आजही मोजता येतो. २०२१–२२ च्या सरकारी अहवालाप्रमाणे खेड्यांतील सामुदायिक आरोग्य केंद्रांत जेवढे तज्ज्ञ डॉक्टर हवेत, त्यांपैकी सुमारे ८० टक्के कमी होते. केंद्राची इमारत आहे, पाटी आहे, पण भूल देणारा नाही किंवा बाळंतपणाचा तज्ज्ञ नाही. मग बाईला पुढे पाठवले जाते, आणि ‘पुढे’ म्हणजे पुन्हा जिल्ह्याचे ठिकाण.

पैशाची भिंत

सरकारी केंद्र रिकामे राहिले की माणूस खाजगीकडे जातो. २०१७–१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत असे दिसले की बाळंतपण सोडून इतर आजारासाठी एकदा इस्पितळात राहण्याचा सरासरी खर्च सरकारी ठिकाणी ४,४५२ रुपये आणि खाजगी ठिकाणी ३१,८४५ रुपये होता. खेड्यातील निम्म्याहून अधिक रोगी खाजगी इस्पितळातच दाखल झाले होते.

पगारदार माणूस हा खर्च हप्त्याहप्त्याने सोसतो. शेतकऱ्याचे तसे नाही. त्याचा पैसा सुगीला येतो, आजार मात्र पेरणीत येतो. हातात रोकड नसते तेव्हा दुभती म्हैस विकली जाते, दागिना गहाण पडतो, सोसायटीचे पीककर्ज इस्पितळात भरले जाते आणि बियाण्यासाठी सावकार गाठावा लागतो. आजारी माणूस बरा होतो, पण घर दोन वर्षे आजारी राहते. म्हणून पुष्कळजण दुखणे अंगावर काढतात, आणि उशिरा गेल्याने खर्च आणखी वाढतो. बाईचे दुखणे तर सर्वांत शेवटी धरले जाते.

सरकारने काही केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१३–१४ साली आरोग्यावरील एकूण खर्चापैकी ६४ टक्के लोकांच्या खिशातून जात होते. २०२१–२२ साली हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. २००५ पासून आशा कार्यकर्त्या आल्या, २०१८ पासून पाच लाखांपर्यंतच्या इस्पितळखर्चाची आयुष्मान योजना आली. परंतु राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करू, असे २०१७ च्या धोरणात म्हटले होते. २०२१–२२ साली तो १.८४ टक्के होता. शिवाय कार्ड हातात असले तरी नोंदलेले इस्पितळ चाळीस किलोमीटरवर असेल, तर पाटाला पाणी सोडल्याचा हुकूम निघाला पण पाणी टेलला आले नाही, असेच होते.

पाट वळवता येतो

ह्याचा दाखला आपल्याच मराठी मुलखात आहे. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड हा दुष्काळी तालुका. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जाऊन राहिले. दोघेही वेल्लोरला शिकलेले. शहरात त्यांना काहीही कमी पडले नसते.

त्यांनी लोकांना आधी विचारले की तुम्हाला काय हवे. लोकांनी इस्पितळ मागितले नाही, पाणी आणि अन्न मागितले. म्हणून काम तेथून सुरू झाले. कूपनलिका खणताना त्या शक्यतो दलित वस्तीत खणल्या गेल्या. सबंध गावाला पाणी भरायला तेथे जावे लागले आणि पंपाच्या दांड्याने पुष्कळ काही शिकवले. शेतकऱ्यांची मंडळे झाली, पुढे महिला मंडळे झाली. प्रत्येक गावाने आपल्यातलीच एक बाई आरोग्याच्या कामासाठी निवडली. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या. बाळंतपण, जुलाबात साखर-मिठाचे पाणी, मुलांचे वजन, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणे हे सारे त्या शिकल्या. डॉक्टर मागे उभा राहिला आणि गावची बाई पुढे झाली. बालमृत्यू झपाट्याने उतरले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आजच्या आशा कार्यकर्तीच्या कल्पनेमागे अशा कामांचा अनुभव आहे.

जामखेडने आणलेले औषध नवे नव्हते. बदलला तो क्रम. सर्वांत मागे उभे असलेल्यापासून त्यांनी सुरुवात केली.

आपण काय करावे?

‘गाव करी ते राव न करी’ असे आपण म्हणतो. पुढील गोष्टी धर्मग्रामातील कोणत्याही वाडीला करता येतील.

१. आपले उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जवळचे शस्त्रक्रियेची सोय असलेले सरकारी इस्पितळ कोठे आहे, डॉक्टर कोणत्या वेळी असतात, हे लिहून घरात लावावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक मुलांनाही पाठ असावा.

२. सर्पदंशाची आणि कुत्रा चावल्याची लस कोठे शिल्लक आहे हे पावसाळ्याआधी विचारून ठेवावे. ती सरकारी ठिकाणी मोफत मिळते. साप चावल्यास जखम कापू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये.

३. गावात आरोग्य, स्वच्छता व पोषण समिती असते आणि केंद्राला रुग्ण कल्याण किंवा आरोग्य रक्षा समिती असते. तिचे सदस्य कोण, बैठक कधी झाली, निधी कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारावे. एकट्याने विचारले तर तक्रार ठरते, दहाजणांनी विचारले तर ठराव होतो.

४. आयुष्मान कार्ड आहे का ते पाहावे. सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्न कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरपासून ते मिळते. इतरांसाठी जात हा एकच निकष नाही. एका खोलीचे कच्चे घर, भूमिहीन मजुरी, कर्ता पुरुष नसलेले घर, अपंग सदस्य असे इतरही निकष आहेत, आणि अनेक राज्यांनी रेशनकार्डावरून यादी वाढवली आहे. म्हणून ‘आपण ख्रिस्ती, आपल्याला मिळणार नाही’ असे समजून घरी बसू नये. हे कार्ड योजनेत सामील असलेल्या परराज्यातील नोंदलेल्या इस्पितळातही चालते. सीमेवरच्या गावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

५. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासदांसाठी यशस्विनी योजना आहे. २००३ साली सुरू झालेली ही योजना २०१८ साली थांबली आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाली. नोंदणीची मुदत असते, सोसायटीत आधीच चौकशी करावी. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, तेलंगणात आरोग्यश्री आहे.

६. क्षयाचे औषध पूर्ण मुदतीचे मोफत मिळते, शिवाय पोषणासाठी दरमहा १,००० रुपये रोग्याच्या खात्यात जमा होतात. सरकारी इस्पितळात बाळंतपण, औषधे आणि वाहतूक ह्यांचे पैसे द्यावे लागत नाहीत. कोणी मागितले तर पावती मागावी.

७. फलक, अर्ज आणि केसपेपर वाचता येत नसेल, किंवा ते आपल्या भाषेत नसतील, तर शिकलेल्या तरुणांनी पाळीपाळीने सोबत जावे. रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास एखाद्या बाकावर बसून कागद भरून देणे ही मोठी सेवा आहे. तेथे येणारा आपल्या धर्माचा आहे की नाही, हे विचारू नये.

८. आणि शेवटी, आपल्या गावात टेलला कोण आहे ते शोधावे. वाडीच्या टोकाला राहणारी एकटी म्हातारी, ऊसतोडीला आलेली परगावची कुटुंबे, वीटभट्टीवरची मुले. केंद्राच्या सिस्टर येतील त्या दिवशी पहिली हाक त्यांना द्यावी आणि लस, वजन, तपासणी तेथून सुरू करावी.